पुराव्याच्या पाकिटाइतकं तरी आम्हाला जपा : घटनास्थळावर काम करणाऱ्यांचं खुलं पत्र

प्रति,
घटनास्थळावर टीम पाठवणारे सगळे वरिष्ठ अधिकारी, फॉरेन्सिक लॅबचे प्रमुख, आणि आमच्या किटचं बजेट ज्यांच्या सहीने पास होतं ते सगळे

आदरणीय साहेब, मॅडम,

गेली १४ वर्षं मी घटनास्थळावर काम करते. फोटो काढणं, बोटांचे ठसे उचलणं, सापडलेली वस्तू पाकिटात घालून सील करणं हे माझं काम. नाव लिहीत नाहीये कारण हे पत्र माझ्या एकटीचं नाही आणि कुणाला अडचणीत आणायचा हेतूही नाही. पण खूप दिवस आत साठलेलं आहे त्यामुळे लांबेल, तेवढं वाचून घ्या ही विनंती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. एका खोलीत दाराच्या मागे खिळ्याला जाकीट लटकवलेलं होतं आणि ते तपासायचं काम माझ्याकडे आलं. खिशात आधी टॉर्च मारून बघितलं, रिकामा होता, पण खिशाच्या कोपऱ्यात शिवण उसवलेली होती आणि काहीतरी अस्तरात खाली घसरलंय असं वाटलं म्हणून मी बाहेरून चाचपलं आणि सुई कापडातून, ग्लोव्हमधून सरळ बोटात गेली. उजव्या हाताचं मधलं बोट. निळ्या ग्लोव्हच्या आत रक्त पसरताना दिसत होतं, लाल नाही दिसत ते, काळपट दिसतं. मी ओरडले तसे आमच्या टीमचे प्रमुख धावत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुझं रक्त जाकिटाला लागलं का?"

ते माणूस म्हणून खूप चांगले आहेत, हे मुद्दाम लिहितेय. त्या दिवशी संध्याकाळी स्वतःच्या गाडीतून त्यांनीच मला घरी सोडलं. पण त्यांच्या तोंडातून पहिलं तेच निघालं कारण आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून तेच शिकवलंय, मीही त्यांच्या जागी असते तर कदाचित तेच विचारलं असतं. पुढचं ऐका. हात धुवायला नळ चार पावलांवर होता, पण घटनास्थळावरचा नळ आणि बेसिन आम्ही वापरत नाही, कारण तिथे कुणी हात धुतले असतील तर खालच्या वाकड्या पाइपात रक्ताचे अंश सापडू शकतात. नियम बरोबरच आहे. फक्त मग आम्ही पाणी कुठून आणायचं हे कोणत्याच नियमात नव्हतं. गाडीत प्यायच्या पाण्याची अर्धी बाटली होती, साबण नव्हता. साबण मिळेपर्यंत ४० मिनिटं गेली आणि त्या ४० मिनिटांत मी बोट दाबून दाबून रक्त काढत बसले होते, जे करायचं नसतं हे मला नंतर कळलं. दाबायचं नाही, चोखायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, एवढीच गोष्ट आहे आणि आठ वर्षं नोकरी होऊन ती मला कुणी सांगितलेली नव्हती.

ती सुई रीतसर पाकिटात गेली. पाकिटावर लेबल, कुणाला सापडली, कधी, कुठे, कुणी कुणाला दिली, किती वाजता दिली, लॅबमध्ये कुणी घेतली, सगळ्यांच्या सह्या. त्या सुईचा प्रवास मिनिटामिनिटाने कागदावर आहे. माझ्या बोटाबद्दल एक ओळ कुठेही नाही, कारण त्या फॉर्मवर तसा रकानाच नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरकडे गेले, तेही एका मैत्रिणीने फोनवर झापलं म्हणून. तिथे कळलं की एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. हेपेटायटिस बी म्हणजे यकृताचा संसर्ग, त्याची लस पूर्ण झालेली नसेल तर एक इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन असतं, ते शक्यतो २४ तासांत द्यायचं. माझे तीनपैकी दोनच डोस झाले होते. तिसरा राहून गेला होता कारण त्याची आठवण ठेवणं हे कुणाचंच काम नव्हतं, माझंही नाही असं मला तेव्हा वाटायचं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की दूषित सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण हजारात तीन असते, पण लस नसलेल्या माणसाला हेपेटायटिस बी लागण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते. मी आयुष्यभर एचआयव्हीला घाबरत आले आणि खरी भीती भलत्याच ठिकाणी होती. हेपेटायटिस सी ला तर लसच नाही. त्यावर आता गोळ्या आहेत आणि त्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात, पण त्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी ना.

पुढचे सहा महिने मी घरात माझा टॉवेल वेगळा ठेवला, नेलकटर वेगळं ठेवलं. टॉवेलची गरज नसते हे माहीत असूनही ठेवला. मुलीला साधं खरचटलं तरी मी तिच्याजवळ जायच्या आधी स्वतःचे हात बघायचे. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले, देवाची कृपा. पण त्या सहा महिन्यांची ऑफिसात कुठेच नोंद नाही, म्हणजे उद्या १० वर्षांनी माझ्या यकृताला काही झालं तर हे कामामुळे झालं असं मी कशाच्या जोरावर म्हणणार?

आता मुद्द्यावर येते. घटनास्थळावरचे आपले जवळजवळ सगळे नियम एकाच दिशेचे आहेत, माणसापासून पुराव्याला वाचवायचं. ग्लोव्हज घाला, का तर तुमचे ठसे उठू नयेत. मास्क लावा, का तर तुमच्या थुंकीतला डीएनए सॅम्पलमध्ये जाऊ नये. पांढरा सूट, बुटांवर कव्हर, डोक्याला टोपी, हे सगळं आमचे केस आणि धागे तिथे पडू नयेत म्हणून. हे मी नाकारत नाही, त्यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे, नाहीतर इतकी वर्षं या कामात काढली नसती. पण पुराव्यासाठी निवडलेली वस्तू माणसाला वाचवेलच असं नाही हे कुणी लक्षातच घेत नाही. साधा सर्जिकल मास्क थुंकी अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही त्यामुळे बाजूने पावडर, धूळ सगळं आत येतं. पातळ नायट्रिल ग्लोव्ह ठसा अडवतो, सुई अडवत नाही, काच अडवत नाही. एडमंड लोकार्ड यांनी १९१० मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात पोलिसांसाठी लॅब सुरू केली आणि त्यांचं तत्त्व आम्ही ट्रेनिंगमध्ये पहिल्याच तासाला शिकतो की दोन गोष्टींचा स्पर्श झाला की दोन्हीकडे काहीतरी राहतं. दोन्हीकडे, साहेब. आपण त्यातली एकच बाजू धरून बसलोय, आम्ही तिथे काय सोडून येतो ती. तिथून आमच्या अंगावर, फुप्फुसात आणि घरी काय येतं, ती बाजू कुणाच्या टेबलावर नाही.

रक्ताचंच घ्या. वाळलं म्हणजे संपलं असा समज आमच्यातल्या जुन्या लोकांमध्येही आहे. हेपेटायटिस बी चा व्हायरस वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस टिकतो आणि त्या काळात संसर्ग करू शकतो. आता वाळलेलं रक्त आम्ही खरवडून घेतो, खरवडताना त्याची बारीक पूड उडते, टॉर्च तिरका धरला की ती उजेडात तरंगताना दिसते सुद्धा. ती डोळ्यात जाऊ नये म्हणून गॉगल हवा. आमच्या किटमध्ये एक गॉगल आहे, चार माणसांत एक, त्याच्या काचेवर इतके चरे पडलेत की तो लावून ठसा दिसत नाही म्हणून कुणी लावत नाही.

आणि रक्ताशी संबंध फक्त आमचाच येतो का? बॉडी उचलणारे, ती गाडीत ठेवणारे, रात्रभर दारावर पहारा देणारा शिपाई, सगळं झाल्यावर फरशी धुणारी माणसं, यातले निम्मे तुमच्या हजेरीपटावरच नाहीत. कंत्राटावर येतात, साध्या चपलेत येतात. बॉडी उचलताना छातीवर दाब येतो आणि आतली हवा तोंडातून बाहेर येते, मेलेल्या माणसाला टीबी असेल तर ती हवा उचलणाऱ्याच्या तोंडावर येते. त्या माणसाला मास्क द्यायचा की नाही हे कंत्राटदार ठरवणार आणि कंत्राटदार देत नाही. धोका हजेरीपट बघून येत नाही, म्हणून लस आणि मास्क पण हजेरीपट बघून देऊ नका.

केमिकलबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ते माझ्या रोजच्या हातातलं आहे. ठसे उठवायची पावडर ब्रशवर घेऊन फिरवली की निम्मी हवेत जाते, बंद खोलीत तासभर काम केल्यावर नाक शिंकरलं तर रुमाल काळा होतो. आम्ही याला कामाचा भाग समजतो. पण मागे काय झालंय ते बघा. एके काळी इंग्लंडमध्ये ठशांसाठी खडूत पारा मिसळलेली राखाडी पावडर वापरायचे आणि ती वापरणाऱ्या पोलिसांमध्ये पाऱ्याची विषबाधा आढळली, १९४९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. ती माणसं सुद्धा कामाचा भाग समजूनच ती पावडर रोज उडवत असणार. रक्ताच्या प्राथमिक चाचणीसाठी बेन्झिडिन नावाचं रसायन वर्षानुवर्षं वापरलं गेलं, त्याने मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे नंतर पक्कं झालं तेव्हा ते मागे पडलं. म्हणजे आज आपल्याला साधी वाटणारी पावडर २० वर्षांनी साधी राहील याची हमी कोण देणार? ठशांच्या काळ्या पावडरीत जो कार्बन ब्लॅक असतो त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, आत्ताच कॅन्सरच्या संशयित कारणांच्या यादीत ठेवलेलं आहे. मी घाबरवत नाहीये, मी फक्त घट्ट बसणारा मास्क मागतेय आणि खिडकी उघडायची परवानगी मागतेय, फोटो आणि नमुने झाल्यावर.

सुपरग्लूची वाफ देऊन ठसे उठवतो तेव्हा डोळे आणि घसा जळतो हे सगळ्यांना माहिती आहे. पण ते ग्लू प्रमाणाबाहेर, साधारण २०० अंशांच्या पुढे तापलं तर त्यातून हायड्रोजन सायनाइड निघू शकतो हे किती जणांना माहिती आहे? लॅबमध्ये त्याला बंद कपाट असतं, बाहेर हवा खेचायचा पंखा असतो. घटनास्थळी गाडीवर प्लास्टिक टाकून तेच काम करतो तेव्हा तापमान बघायला काही नसतं, अंदाज असतो. प्लास्टिक काढायला जो पुढे होतो तो तोंड फिरवून श्वास रोखतो, बस, हीच आमची सेफ्टी. आणि डाग, धागे शोधायचे ते निळे, जांभळे लाइट्स. अल्ट्राव्हायोलेटने डोळ्याला इजा झाली तर तेव्हा काही कळत नाही, सहा-सात तासांनी रात्री अंथरुणात डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं. ज्या रंगाचा लाइट त्या रंगाला अडवणारा गॉगल लागतो, कुठलाही केशरी गॉगल चालत नाही. लाइट खरेदी करताना गॉगल एकच आला कारण कोटेशनमध्ये एकच होता, आणि लाइटजवळ उभी असतात तीन माणसं.

हवेबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त काळजी वाटते कारण तिथे सहा महिने वाट बघायची वेळसुद्धा येत नाही. टाकी, विहीर, तळघर, बरेच दिवस बंद असलेली खोली, आतून चिकटपट्टी लावलेली गाडी. अमेरिकेतली कामगार सुरक्षेवर संशोधन करणारी नायोश नावाची सरकारी संस्था आहे, तिने १९८६ मध्येच इशारा दिला होता की बंद जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला आत उतरलेले असतात. एक पडला म्हणून दुसरा, दुसरा पडला म्हणून तिसरा. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात, आणि ऑक्सिजन कमी झालेला कळत नाही, ना वास, ना रंग. लोखंडी टाकीला आतून गंज चढतो तोच आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, बाकी काही विषारी असायची गरज पण नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तर आणखी फसवतो, तो हवेत दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास गेला की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते. आत शिरलेला माणूस म्हणतो वास गेला, आता ठीक आहे, पण वास गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. आणि एन ९५ मास्क धूळ अडवतो, गॅस अडवत नाही, हे कृपा करून प्रत्येक ऑफिसात मोठ्या अक्षरात लावा. ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे गॅस असे चारही एकदम मोजणारं हातात मावणारं मीटर मिळतं, दोरीला बांधून आधी ते आत सोडायचं, मग माणूस. आम्ही कॅमेरा आत सोडतो, मीटर नाही, कारण मीटर आमच्याकडे नाहीच.

जळलेल्या जागेचंही तेच. आग विझवणारे जवान हवेचं सिलिंडर आणि मास्क लावून आत जातात, आग विझली की ते काढतात, आणि मग आम्ही आत जातो, गुडघ्यावर बसून राख चाळायला. २०२२ मध्ये त्याच आयएआरसीने आग विझवण्याचं काम माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या रांगेत. राख थंड झाली म्हणजे निरुपद्रवी झाली असं नाही, जुन्या छताच्या पत्र्यातला ॲस्बेस्टॉस तुटून त्याच राखेत मिसळलेला असू शकतो. आणि तेच कपडे घालून आम्ही घरी जातो, घरच्या मशीनमध्ये धुतो, मुलांच्या कपड्यांबरोबर.

एक गोष्ट मात्र उलट बाजूने पण सांगायला हवी. ड्रग्जच्या पावडरीबद्दल, खासकरून फेंटानिल या अफूसारख्या पण फार तीव्र औषधाबद्दल, इतके व्हिडिओ फिरतात की आमची नवी मुलं पाकीट बघूनच घाबरतात, नुसता हात लागला तरी माणूस मरतो असं त्यांना वाटतं. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञ डॉक्टरांच्या दोन संघटनांनी २०१७ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं की कातडीला थोडीशी पावडर लागल्याने विषबाधा होण्याची शक्यता फार कमी आहे, ग्लोव्हज घाला, उडवू नका, हवेत पावडर तरंगत असेल तर श्वासाचा मास्क लावा. लागली तर साबण आणि पाण्याने धुवा, अल्कोहोलचं सॅनिटायझर चोळू नका. म्हणजे पुन्हा साबण आणि पाणीच. चुकीची भीती सुद्धा नुकसान करते कारण घाबरलेला माणूस हात थरथरत काम करतो आणि शेजारी बेशुद्ध पडलेल्याला मदत करायला पण पुढे होत नाही. म्हणून ट्रेनिंग हवं, खरं ट्रेनिंग, दोन तासांचं स्लाइड शो आणि ग्रुप फोटोवालं नको.

बाकीचे धोके तुम्हाला माहीत आहेत म्हणून पटकन सांगते. रस्त्यावरच्या घटनास्थळी मागून येणारी गाडी, विशेषतः रात्री, जेव्हा आम्ही खाली वाकून मोजमाप घेत असतो आणि अंगात चमकणारं जाकीट नसतं. भरलेलं हत्यार, जे आधी शस्त्र कळणाऱ्या माणसाने रिकामं करायला हवं पण घाईत फोटोग्राफरच्याच हातात येतं. स्फोटाच्या जागी दुसरा बॉम्ब. जमाव. आणि ज्याने गुन्हा केला तो गेलाच आहे असं आपण धरून चालतो ते.

आता मनाचं. हे लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला.

बॉडी नेली, पंचनामा झाला, की बाकीच्यांसाठी सीन संपतो. माझं तिथून सुरू होतं. दोनशे, अडीचशे फोटो असतात, प्रत्येक फोटो पूर्ण झूम करून बघावा लागतो, फोकस नीट आहे का, मापाची पट्टी सरळ आहे का, जखमेची कड स्पष्ट दिसते का. मग प्रत्येकाखाली ओळ टाइप करायची. घटनास्थळावर मी सहा तास होते, पण त्या फोटोंबरोबर तीन दिवस बसते, एकटी, दार लावून, कारण दुसऱ्या कुणाला दिसू नयेत असा नियम आहे. दोन वर्षांपूर्वी एका लहान मुलाची केस होती. ती फाइल संपवून मी घरी आले तर मुलीचा पहिला दात पडला होता. तो तिने तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला, थोडं रक्त लागलेलं होतं त्याला, ती हसत होती. मला तिच्या हातावरच्या त्या दाताकडे बघताच येईना. मी आत गेले आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. ती बाहेर म्हणत होती आई बघ ना. मी तो दात शेवटपर्यंत बघितलाच नाही.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची निदानाची जी पुस्तिका जगभर वापरतात तिच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आघातानंतरच्या मानसिक आजाराच्या, म्हणजे पीटीएसडीच्या निकषांमध्ये मानवी अवशेष गोळा करणाऱ्या माणसांचं उदाहरण सरळ दिलेलं आहे. फोटो किंवा स्क्रीनवर बघणं एरवी त्यात धरत नाहीत, पण ते कामाचा भाग असेल तर धरतात, असंही लिहिलंय. ते वाचलं तेव्हा मी रडले, कारण आपण कमजोर आहोत असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. आपल्याकडे यावर उपाय काय, तर मोठी केस झाली की सगळ्यांना एका खोलीत बसवायचं आणि तासभर "बोला, मन मोकळं करा" म्हणायचं, समोर साहेब बसलेले. अशा एकाच बैठकीने पीटीएसडी टळत नाही हे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २००२ मध्येच आलंय, सक्तीने तर करूच नये. आम्हाला हवंय ते एवढंच की ज्याला बोलायचंय त्याला ऑफिसच्या बाहेरचा समुपदेशक मिळावा, एकदा नाही तर लागेल तितक्या वेळा मिळावा आणि त्याची नोंद प्रमोशनच्या फाइलला लागू नये. आणि लहान मुलांच्या केसेस ओळीने एकाच माणसाकडे देऊ नका, एवढं तर पैसे न लागता होतं.

तुम्ही म्हणाल वेळ नसतो, पाऊस येतो, पुरावा जातो, वरून फोन येत असतात. मला माहिती आहे, त्या फोनच्या या टोकाला आम्हीच उभे असतो. आत कुणी जिवंत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कुणी फॉर्म भरत बसत नाही आणि बसूही नये. पण आत सगळं संपलेलं असताना पाच मिनिटं दारात उभं राहून मीटर बघितलं, वीज बंद केली, जमीन वजन पेलेल का बघितलं, तर कुठला पुरावा पळून जातो? उलट माझं बोट टोचलं त्या दिवशी काम दीड तास थांबलं आणि जाकिटावर माझं रक्त आहे की नाही हे तपासण्यात लॅबचाही वेळ गेला. माणसाला सांभाळलं असतं तर पुरावाही आपोआप सांभाळला गेला असता.

म्हणून मागणं एवढंच आहे की प्रत्येक टीममध्ये एक माणूस असा ठेवा ज्याचं काम त्या दिवशी फक्त आमच्याकडे बघणं असेल, आणि त्याने थांबा म्हटलं की साहेबांनीही थांबायचं. त्याच्या गाडीत २० लिटर पाणी, साबण, डोळे धुवायची बाटली आणि सुया टाकायचा न फुटणारा डबा असू दे. कपडे आणि खिसे तपासताना हात घालायचा नाही, बाहेरून चाचपायचं नाही, कात्रीने अस्तर उघडायचं आणि चिमट्याने काढायचं हे लेखी करा, आणि त्या चिमट्याबरोबर आतून घालायचे न कापले जाणारे ग्लोव्हज द्या. ग्लोव्हज आणि सूट मापाचे आणा, आमच्यातल्या बायकांना पुरुषांच्या मापाचे सूट येतात, पाय लोंबतात, जिन्यावर अडकून पडलोय आम्ही, आणि मोठा ग्लोव्ह बोटाच्या टोकाला लोंबला की सुई लागलेली कळत पण नाही. त्या सूटमध्ये घाम बाहेर जात नाही, म्हणून उन्हात माणसं आलटून पालटून आत पाठवा, एकालाच तीन तास ठेवू नका. बदलायला कपडे आणि अंघोळीची सोय ऑफिसात करा म्हणजे ती राख आणि पावडर आमच्या घरी जाणार नाही.

आणि तो रकाना. पुराव्याच्या फॉर्मसारखाच माणसाचा एक फॉर्म असावा, कुठल्या सीनवर किती वेळ होता, काय हाताळलं, काय टोचलं, काय हुंगलं, त्या रात्री फोन कुणाला करायचा. अमेरिकेत अशा संपर्कांच्या वैद्यकीय नोंदी नोकरी सुटल्यानंतरही ३० वर्षं जपायचा कायदा आहे, कारण असे आजार यायला तितका वेळ लागू शकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारात लिहिलंय की जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं रास्त कारणाने वाटून जो कामगार बाजूला झाला त्याला त्याची शिक्षा होता कामा नये, आणि २०२२ पासून तो करार मूलभूत मानलेला आहे. आमच्यातल्या एकाने टाकीत उतरायला नकार दिला होता, तेव्हा त्याला भित्रा म्हटलं गेलं आणि पुढचं वर्षभर त्याला रात्रपाळी लागली. तो बरोबर होता. हे कुणीतरी लेखी त्याला सांगायला हवं, उशिरा का होईना.

आणि एक काम असं आहे की ते उद्याच होऊ शकतं. आमच्याकडे गेल्या महिन्यात एक नवी मुलगी आलीये, हुशार आहे, हात एकदम स्थिर आहे तिचा. तिच्या हेपेटायटिस बी च्या लसीचे दोन डोस झालेत, तिसरा पाच महिन्यांनी आहे, आणि त्यानंतर महिना दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघायचं असतं, रक्तातल्या अँटिबॉडीजचा आकडा किमान १० यावा लागतो. पुढच्या आठवड्याच्या ड्युटी चार्टवर तिचं नाव सीनसाठी टाकलेलं आहे. ते काढा आणि तोवर तिला लॅबमधलं कागदोपत्री काम द्या. तिच्या वाटणीचे सीन मी करते.

आपली,
घटनास्थळावर काम करणारी एक